रिव्हरसाइड : उरलेल्या फितींची साक्ष

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत अमेरिकेत जॅझ संगीताच्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या ज्या लहान कंपन्या उभ्या राहिल्या, त्यांतील बहुतेकींचे आयुष्य अल्प ठरले. तरीही त्या संगीताचा इतिहास आज ज्या ध्वनिमुद्रिकांच्या आधारे लिहिला जातो, त्यांतील फार मोठा भाग याच कंपन्यांनी काढलेला आहे. संगीतव्यवसायात अशा कंपनीला लेबल म्हणतात, आणि त्यातही कोलंबिया, आरसीए व्हिक्टर, डेक्का, कॅपिटॉल यांसारख्या बड्या कंपन्यांहून निराळ्या अशा या लहान व्यावसायिकांना स्वतंत्र लेबल असे संबोधले जाते. बड्या कंपन्यांकडे स्वतःचे स्टुडिओ, तबकड्या छापण्याचे कारखाने आणि देशभर पसरलेली वितरणव्यवस्था होती. स्वतंत्र लेबलाकडे बहुधा एकदोन माणसे, एखादी लहानशी कचेरी आणि कर्जाऊ भांडवल एवढेच असे. स्टुडिओ तासांच्या भाड्याने घ्यायचा, तबकड्या दुसऱ्याच्या कारखान्यात छापून घ्यायच्या, त्या निरनिराळ्या शहरांतील वितरकांकडे उधारीवर पाठवायच्या आणि त्यांच्याकडून पैसे येण्याआधी पुढच्या ध्वनिमुद्रणाची तजवीज करायची, असा हा व्यवसाय होता. ब्लू नोट, प्रेस्टिज, कंटेम्पररी, पॅसिफिक जॅझ आणि रिव्हरसाइड ही त्यांतील ठळक नावे होत.

अशा लेबलाचा वारसा नेमका कशात शोधावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ब्लू नोटच्या बाबतीत त्याचे उत्तर चटकन सुचते, कारण आल्फ्रेड लायन यांनी तालमींसाठीही वादकांना मानधन देण्याची ठेवलेली प्रथा, रूडी व्हॅन गेल्डर यांच्या ध्वनिमुद्रणाचा ओळखू येणारा नाद आणि रीड माइल्स यांनी आखलेली वेष्टने यांतून त्या लेबलाला एक स्वतंत्र चेहराच लाभला होता. रिव्हरसाइडला असा एकसंध चेहरा नव्हता. तिचे ध्वनिमुद्रण वेगवेगळ्या स्टुडिओंत होई, तिच्या यादीत पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकातील जुने जॅझ आणि १९५०च्या दशकातील अत्याधुनिक जॅझ शेजारी शेजारी नांदत होते, आणि १९५३ साली सुरू झालेले हे लेबल १९६४ साली दिवाळखोरीत निघाले. अवघ्या अकरा वर्षांच्या, व्यवहारात फसलेल्या या उद्योगाने मागे काय ठेवले याचा विचार करू लागल्यावर नाद आणि रूप यांच्यापलीकडे जावे लागते, आणि मग लक्षात येते की रिव्हरसाइडचा विशेष तिच्या संस्थापकांच्या ध्वनिमुद्रिकेकडे पाहण्याच्या दृष्टीत होता.

बिल ग्राउअर आणि ऑरिन कीपन्यूज हे दोघे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील सहाध्यायी. कीपन्यूज यांचे शिक्षण इंग्रजी साहित्याचे, आणि युद्धातून परतल्यावर त्यांनी नोकरी धरली ती सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेत. ग्राउअर यांच्याकडे 'द रेकॉर्ड चेंजर' हे नियतकालिक होते. जुन्या तबकड्या विकू आणि विकत घेऊ इच्छिणाऱ्या संग्राहकांच्या याद्या हा त्याचा मुख्य भाग असला, तरी त्या याद्यांच्या जोडीने समीक्षा, वादकांच्या मुलाखती आणि कोणत्या तबकडीवर कोण वाजवत होते याचे शोध त्यात प्रसिद्ध होत. कीपन्यूज त्यात लिहू लागले, आणि १९४८ साली त्यांनी थेलोनियस मंक या त्या वेळी फारशा परिचित नसलेल्या पियानोवादकावर एक लेख लिहिला. म्हणजे रिव्हरसाइडच्या मुळाशी कारखानदारी किंवा करमणुकीचा धंदा नव्हता. तेथे संग्राहकाची हौस आणि समीक्षकाची चिकित्सा होती. संग्राहकाला तबकडीचे साल, तिचा क्रमांक आणि वादकांची नावे यांचे जे महत्त्व वाटते, ते सामान्य खरेदीदाराला वाटत नाही, आणि पुढे कीपन्यूज स्वतः निर्माते झाल्यावर, म्हणजे वादक निवडणे, रचना ठरवणे, खर्चाचा मेळ घालणे आणि अखेरचे ध्वनिमुद्रण पक्के करणे ही कामे अंगावर आल्यावरही, वेष्टनाच्या मागच्या बाजूचा परिचयपर मजकूर बहुधा तेच लिहीत राहिले.

रिव्हरसाइडची सुरुवात नव्या संगीताने झालीच नाही. १९२०च्या दशकात पॅरामाउंट आणि जेनेट या दोन कंपन्यांनी काढलेल्या तबकड्या पुन्हा प्रसिद्ध करणे, हे तिचे पहिले काम होते. पॅरामाउंट ही विस्कॉन्सिन राज्यातील खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची शाखा, तर जेनेट ही इंडियाना राज्यातील रिचमंड गावच्या पियानो बनवणाऱ्या कंपनीची. मात्र १९२३ साली किंग ऑलिव्हर यांच्या ज्या समूहात तरुण लुई आर्मस्ट्राँग वाजवत होते, त्याचे पहिले ध्वनिमुद्रण जेनेटने केले, आणि मा रेनी यांच्यासारख्या ब्लूज गायिकेचा आवाज पॅरामाउंटमुळे टिकला. आपण काय जतन करीत आहोत याची जाणीव या कंपन्यांना होती असे दिसत नाही. पॅरामाउंटचे धातूचे मूळ साचे बव्हंशी नाहीसे झाले, त्यामुळे पुनर्प्रकाशनासाठी संग्राहकांकडच्या झिजलेल्या, खरखरणाऱ्या तबकड्यांवरून नवी प्रत उतरवावी लागे. जेली रोल मॉर्टन या पियानोवादकाने १९३८ साली अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयासाठी ॲलन लोमॅक्स यांच्यापुढे सांगितलेल्या आणि वाजवून दाखवलेल्या आठवणी रिव्हरसाइडने १९५७ साली बारा तबकड्यांच्या संचात काढल्या, तोही याच कामाचा भाग होता. बंद पडलेल्या कंपनीचे संगीत कसे उरते आणि कसे हरवते, याचा धडा ग्राउअर आणि कीपन्यूज यांनी स्वतःचे पहिले नवे ध्वनिमुद्रण करण्याआधीच गिरवला होता.

हा धडा अंमलात आणण्यासाठी लागणारी साधने त्याच सुमारास हाती आली होती. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे संगीत मावत असे, त्यामुळे ज्या संगीताचा प्राण उत्स्फूर्त विस्तारात आहे त्याला स्वतःला मुडपून घ्यावे लागे. १९४८ साली कोलंबिया कंपनीने आणलेल्या दीर्घ वाजणाऱ्या तबकडीने, म्हणजे लाँग प्लेने, ही मर्यादा वीस मिनिटांच्या आसपास नेली. त्याच वेळी चुंबकीय फितीवर, म्हणजे टेपवर, ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत स्टुडिओंत रुळली. पूर्वी थेट लाखेत किंवा मेणात कोरले जाणारे संगीत आता फितीवर साठवता येऊ लागले, नको ते पुसता येऊ लागले, ब्लेडने कापून दुसऱ्या तुकड्याला जोडता येऊ लागले, आणि यंत्र उचलून क्लबात नेणेही शक्य झाले. एकच साधन घडलेल्या घटनेची नोंद करू शकत होते आणि न घडलेली घटना रचूही शकत होते. रिव्हरसाइडने काढलेल्या तबकड्यांत या दोन्ही शक्यता टोकाला गेलेल्या दिसतात.

१९५४ साली रँडी वेस्टन या तरुण पियानोवादकापासून रिव्हरसाइडने आधुनिक जॅझकडे मोहरा वळवला, पण तिला खरी ओळख मिळाली ती १९५५ साली मंक यांच्याशी झालेल्या कराराने. मंक तोवर प्रेस्टिजकडे होते आणि त्यांच्या तबकड्या खपत नसल्याने प्रेस्टिजला त्यांना सोडण्यात फारशी अडचण वाटली नाही. कीपन्यूज यांच्या सांगण्याप्रमाणे मंक यांच्या नावावर असलेली अवघ्या १०८ डॉलर २७ सेंटची उचल फेडली गेली आणि ते मोकळे झाले. मंक यांची अडचण केवळ खपाची नव्हती. न्यूयॉर्क शहरात दारू विकली जाते अशा ठिकाणी वाजवायचे तर पोलिसांकडून मिळणारे एक परवानापत्र लागे, आणि १९५१ साली अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाल्यापासून मंक यांचे ते पत्र काढून घेतलेले होते. ज्या शहरात ते राहत होते, त्याच शहराच्या क्लबांत सुमारे सहा वर्षे त्यांना वाजवता येत नव्हते. अशा कलावंताच्या बाबतीत ध्वनिमुद्रिका ही मैफलीची आठवण उरत नाही, ती मैफलीची जागाच घेते. आणि लेबलाची निवड हीच श्रोत्यापर्यंत पोहोचण्याची त्याची जवळजवळ एकमेव वाट ठरते.

या परिस्थितीत कीपन्यूज यांनी घेतलेला पहिला निर्णय वादग्रस्त होता. मंक दुर्बोध आहेत हा समज मोडावा म्हणून त्यांनी पहिल्या तबकडीवर मंक यांच्या स्वतःच्या रचना घेतल्याच नाहीत. १९५५च्या जुलैत ऑस्कर पेटिफर्ड यांचा बास आणि केनी क्लार्क यांचे ड्रम यांच्या साथीने फक्त ड्यूक एलिंग्टन यांच्या रचना वाजवून घेतल्या, आणि दुसऱ्या तबकडीसाठी सर्वांच्या परिचयाच्या लोकप्रिय गाण्यांच्या चाली निवडल्या. एका मोठ्या रचनाकाराला त्याच्याच रचनांपासून दूर ठेवण्याचा हा डाव काहींना तडजोडीचा वाटला. परंतु ओळखीच्या चालीवर मंक काय करतात हे ऐकल्यावर श्रोत्याला त्यांचा विचार पकडता येतो, कुठला स्वर त्यांनी गाळला, कुठे ते थांबले, ठरावीक ठिकाणी न येता आघात कुठे आला हे कळते, ही त्यामागची समीक्षकाची दृष्टी होती. एलिंग्टन यांच्या रचनांचा आधार घेतल्याने मंक हे आकाशातून पडलेले विक्षिप्त नसून हार्लेममध्ये बहरलेल्या जुन्या पियानोवादनाच्या परंपरेतील आहेत, हेही आपोआप सांगितले गेले. जुन्या तबकड्या पुन्हा काढण्याचे काम आणि नव्या वादकाला पुढे आणण्याचे काम यांत रिव्हरसाइडला अंतर वाटत नव्हते, याचा हा पुरावा होय.

तिसरी तबकडी 'ब्रिलियंट कॉर्नर्स' मात्र मुख्यतः मंक यांच्या रचनांना वाहिलेली होती, आणि तिची शीर्षक-रचना इतकी कठीण होती की १९५६च्या ऑक्टोबरात सॉनी रॉलिन्स, अर्नी हेन्री, पेटिफर्ड आणि मॅक्स रोच यांच्यासारखे कसलेले वादक असूनही ती एकदाही सुरुवातीपासून अखेरपर्यंत सलग वाजवली गेली नाही. रचनेची लांबी नेहमीच्या साच्यात न बसणारी, आणि एक आवर्तन संथ गतीत झाले की पुढचे दुप्पट गतीत घ्यायचे, अशी तिची मागणी होती. चार तासांहून अधिक काळ चाललेल्या त्या सत्रात सुमारे पंचवीस प्रयत्न झाले, आणि अखेर कीपन्यूज यांनी निरनिराळ्या प्रयत्नांचे तुकडे जोडून पूर्ण रचना सिद्ध केली. आज अभिजात मानली जाणारी, आणि २००३ साली अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत समाविष्ट केलेल्या तबकडीची ही शीर्षक-रचना त्या स्वरूपात प्रत्यक्षात कधी वाजलीच नव्हती. उत्स्फूर्ततेला सर्वोच्च मूल्य मानणाऱ्या संगीतात हे कसे बसवायचे, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे एक उत्तर असे देता येते की वादकांची प्रत्येक ओळ खरी होती, जोडणी तेवढी निर्मात्याची होती. पण हे उत्तर पुरेसे नाही, कारण कोणते तुकडे राहतील आणि कोणते जातील हे ठरवणारा कान हाही त्या तबकडीचा एक कर्ता ठरतो. निर्माता हा केवळ व्यवस्थापक आहे, या समजुतीला 'ब्रिलियंट कॉर्नर्स'मध्ये छेद गेला.

याच्या नेमक्या उलट टोकाला रिव्हरसाइडची क्लबांत केलेली ध्वनिमुद्रणे येतात. १९५९च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या जॅझ वर्कशॉप या क्लबात सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली यांच्या समूहाचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा संगीताबरोबर ॲडर्ली यांचे मिस्कील प्रास्ताविक, श्रोत्यांचे हुंकार आणि टाळ्या हे सारे तबकडीवर ठेवले गेले. स्टुडिओतील निर्मळ शांततेची सवय असलेल्या बाजारात हा गोंगाट दोष ठरला असता, परंतु बॉबी टिमन्स यांची 'धिस हिअर' ही रचना त्या गर्दीसकट लोकप्रिय झाली आणि रिव्हरसाइडला तोवर न मिळालेला खप मिळाला. पुढे १९६१च्या २५ जूनला, एका रविवारी, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातील क्लबात बिल एव्हान्स यांच्या त्रयीचे, म्हणजे पियानो, बास आणि ड्रम अशा तिघांच्या समूहाचे, दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठकींचे ध्वनिमुद्रण झाले. बासवादक स्कॉट लफारो आणि ड्रमवादक पॉल मोशन यांच्यासह एव्हान्स यांनी अशी पद्धत विकसित केली होती की बासने केवळ आधार द्यायचा आणि पियानोने बोलायचे ही विभागणी मोडून तिघांनी एकाच वेळी संवाद साधावा. त्या रविवारनंतर अकराच दिवसांनी लफारो मोटार-अपघातात गेले. ते अवघे पंचवीस वर्षांचे होते.

पहिली तबकडी निवडताना म्हणूनच लफारो यांच्या वादनाला अग्रस्थान देण्यात आले, आणि तिचा आरंभ व शेवट त्यांनीच बांधलेल्या 'ग्लोरियाज स्टेप' आणि 'जेड व्हिजन्स' या रचनांनी झाला. उरलेल्या सामग्रीतून १९६२ साली 'वॉल्ट्झ फॉर डेबी' ही दुसरी तबकडी आली. त्यामुळे श्रोत्यांनी तो रविवार कित्येक वर्षे ऐकला तो श्रद्धांजलीच्या क्रमाने, घडलेल्या क्रमाने नव्हे. येथे जोडणी ब्लेडने झाली नव्हती, पण निवड आणि मांडणी यांनी तेच काम वेगळ्या रीतीने केले होते. थेट ध्वनिमुद्रण हे नितळ दर्पण असते आणि स्टुडिओतील ध्वनिमुद्रण रचलेले असते, हा भेद इतका सरळ नाही, हे रिव्हरसाइडच्या या दोन कृती शेजारी ठेवल्यावर ध्यानात येते. दोन्हीकडे कोणीतरी ऐकून ठरवलेले आहे, आणि त्या ठरवण्यालाच संपादन म्हणतात.

एव्हान्स यांच्या उदाहरणातून या लेबलाच्या धीराचीही कल्पना येते. गिटारवादक मंडेल लो यांनी एव्हान्स यांच्या वादनाची फीत कीपन्यूज यांना दूरध्वनीवरून ऐकवली आणि त्यातून १९५६ साली पहिली तबकडी निघाली, पण पहिल्या वर्षी तिच्या शेकड्यांनीच प्रती खपल्या, हजारांनी नव्हे. त्यानंतरही लेबलाने त्यांचा हात सोडला नाही. दुसरी तबकडी निघायला दोन वर्षे लागली ती मुख्यतः एव्हान्स यांनाच आपल्याजवळ नवे सांगण्यासारखे काही आहे असे वाटत नव्हते म्हणून. वेस माँटगोमेरी यांचे प्रकरणही असेच बोलके आहे. अंगठ्याने तारा छेडणारा हा गिटारवादक इंडियानापोलिस शहरात दिवसा कारखान्यात आणि रात्री क्लबांत काम करीत होता. ॲडर्ली यांनी १९५९ साली त्याला ऐकून त्याची वार्ता कीपन्यूज यांच्याकडे आणली, आणि काही आठवड्यांतच रिव्हरसाइडने त्याचे पहिले ध्वनिमुद्रण उरकले. लेबलाचे कान हे केवळ मालकांचे कान नव्हते, करारबद्ध वादक त्यात सहभागी होते. लहान संस्थेत असे होऊ शकते, कारण तेथे सल्ला आणि निर्णय यांच्यामध्ये समित्या नसतात.

तरीही या साऱ्याचे गुणगान करताना एक गोष्ट विसरता येत नाही, ती म्हणजे जे ध्वनिमुद्रित झाले नाही त्याचा हिशोब. १९५७ साली मंक यांना परवानापत्र परत मिळाले आणि फाइव्ह स्पॉट या क्लबात जॉन कोल्ट्रेन यांच्यासह त्यांचा समूह अनेक महिने वाजला. आधुनिक जॅझच्या इतिहासातील हा एक निर्णायक काळ मानला जातो, परंतु कोल्ट्रेन प्रेस्टिजशी करारबद्ध असल्याने रिव्हरसाइडला त्या समूहाच्या स्टुडिओत केलेल्या अवघ्या तीन रचना, त्याही १९६१ साली, प्रसिद्ध करता आल्या. १९५७च्याच २९ नोव्हेंबरला कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमाच्या 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या नभोवाणीने केलेल्या फिती अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या साठ्यात पडून होत्या आणि २००५ साली सापडल्या, तेव्हा कुठे त्या समूहाचा प्रत्यक्ष मैफलीतील आवेग श्रोत्यांपर्यंत पोहोचला. स्वतंत्र लेबलांच्या आपसांतील स्पर्धेने जसे बरेच टिकवले, तसे बरेच गमावलेही.

दुसरा हिशोब सत्तेचा आहे. वादक बहुसंख्येने कृष्णवर्णीय आणि लेबलांचे मालक बहुसंख्येने गोरे, हे त्या काळाचे चित्र होते, आणि साथीच्या वादकाला कामगार संघटनेने ठरवून दिलेले एकवेळचे मानधन मिळत असे. फितीची मालकी मात्र कंपनीकडे राही. १९५८ साली रॉलिन्स यांनी पेटिफर्ड आणि रोच यांच्या साथीने तबकडीची एक अख्खी बाजू व्यापणारी 'फ्रीडम सूट' ही दीर्घ रचना रिव्हरसाइडसाठी वाजवली आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वंचनेविषयीचे आपले निवेदन वेष्टनावर छापायला दिले. रिव्हरसाइडने ते छापले, हे तिच्या धैर्याचे लक्षण; परंतु तीच तबकडी पुढे 'शॅडो वॉल्ट्झ' या निरुपद्रवी नावाने पुन्हा काढण्यात आली, हे त्या धैर्याच्या मर्यादेचे लक्षण. चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच यांनी १९५२ सालीच स्वतःचे 'डेब्यू' हे लेबल काढून मालकीचा प्रश्न वादकांच्या हाती घेण्याचा प्रयत्न केला होता, आणि भांडवल व वितरण यांच्या अभावी तोही थोड्याच वर्षांत थांबला. संगीताची जाण आणि मालकीचा न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिव्हरसाइडकडे पहिली विपुल होती म्हणून दुसरीचा प्रश्न मिटत नाही.

रिव्हरसाइडचा शेवट झपाट्याने झाला. व्यवहाराची बाजू पाहणारे ग्राउअर विस्तारप्रिय होते. जॅझच्या जोडीला लोकगीते, बालगीते आणि फ्लॉरिडातील सेब्रिंगच्या शर्यतीत धावणाऱ्या मोटारींच्या आवाजाच्या तबकड्याही त्यांनी काढल्या होत्या. डिसेंबर १९६३मध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, आणि कर्जाच्या ओझ्याखाली असलेली कंपनी पुढच्याच वर्षी कोसळली. कीपन्यूज यांनी १९६६ साली माइलस्टोन हे दुसरे लेबल सुरू केले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील पवईच्या आश्रमात वेदान्त आणि योग यांच्या अभ्यासासाठी राहून गेलेले रॉलिन्स संगीतापासून घेतलेल्या विश्रांतीनंतर १९७२ साली ध्वनिमुद्रणाकडे परतले, ते याच माइलस्टोनसाठी. पुढे १९७८ साली मुंबईत भरलेल्या जॅझ यात्रा महोत्सवात ते वाजवून गेले, तेव्हा या लेबलांच्या कथेतील एक थोर वादक तेथील श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष उभा होता. दरम्यान कॅलिफोर्नियातील बर्कली येथील फँटसी या कंपनीने, क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या रॉक समूहाच्या यशातून आलेल्या पैशावर, प्रेस्टिज, रिव्हरसाइड आणि माइलस्टोन यांचे साठे विकत घेतले. २००४ साली फँटसीही काँकॉर्ड कंपनीकडे गेली. ज्या रिव्हरसाइडने मृत कंपन्यांचे संगीत पुन्हा प्रकाशात आणले होते, तिचे स्वतःचे संगीत आता दुसऱ्या कंपन्या पुन्हा प्रकाशात आणू लागल्या.

फरक एवढाच, आणि तोच मोलाचा, की पॅरामाउंटकडून काही हाती येत नव्हते आणि रिव्हरसाइडकडून मूळ फिती हाती आल्या. १९८६ साली मंक यांच्या रिव्हरसाइडमधील ध्वनिमुद्रणांचा जो संपूर्ण संच निघाला, त्यात प्रसिद्ध न झालेल्या आवृत्त्यांबरोबर १९५७च्या एप्रिलमधील सुमारे बावीस मिनिटांचा एक भाग आहे, ज्यात मंक एकटेच पियानोपुढे बसून स्वतःचीच 'राउंड मिडनाइट' ही जुनी रचना चाचपडत, अडखळत, पुन्हा आरंभ करीत नव्याने उलगडताना ऐकू येतात. ज्यांना मंक यांचे वादन अपघाताने घडलेले वाटत होते, त्यांना या फितीपुढे ते मत टिकवता येत नाही. २००५ साली व्हॅनगार्डच्या रविवारच्या पाचही बैठकी घडलेल्या क्रमाने प्रसिद्ध झाल्या, वीज खंडित झाल्याने फीत मध्येच तुटलेल्या पहिल्या रचनेसकट. कीपन्यूज यांनी १९६१ साली केलेली निवड योग्य होती का, एखादी बाजूला पडलेली आवृत्ती अधिक सरस नव्हती का, लफारो यांच्या मृत्यूने निवडीवर किती छाया टाकली, हे प्रश्न आज कोणीही श्रोता स्वतः ऐकून तपासू शकतो आणि निर्मात्याच्या विरुद्ध निकालही देऊ शकतो.

लेबलाच्या वारशाचा विचार येथे येऊन ठरतो. निवड केल्याखेरीज तबकडी निघत नाही, आणि प्रत्येक निवडीत काळाचे, बाजाराचे, वर्णाचे आणि व्यक्तिगत आवडीचे दडपण मिसळलेले असते; त्यामुळे निर्दोष निवडीची अपेक्षा कोणत्याही संस्थेकडून करणे व्यर्थ आहे. रिव्हरसाइडच्या तबकड्यांतही पक्षपात आहे, तडजोड आहे, एका वादकाची गैरहजेरी आणि दुसऱ्याचे निवेदन झाकून टाकणारे नाव आहे. मात्र तिने आपला निर्णय बाजारात ठेवला, तशी तो निर्णय ज्या सामग्रीतून घेतला तीही बऱ्याच अंशी शिल्लक ठेवली, आणि म्हणून पुढच्या पिढ्यांना तिचे केवळ ऋण मान्य करून थांबावे लागत नाही; तिच्याशी मतभेद करता येतात. प्रशंसा तर अनेक लेबलांना मिळाली. आपल्याच चुका दाखवून देण्याइतका पुरावा ज्यांनी मागे ठेवला अशी थोडी आहेत, आणि जॅझचा इतिहास ज्यांना ठरीव गौरवगाथेऐवजी पुन्हा पुन्हा तपासण्याजोगी गोष्ट म्हणून लिहायचा आहे, त्यांच्यासाठी अशाच लेबलांचे काम उपयोगाचे ठरत आले आहे.